चला, चल बदलू या!

मित्रांनो, पहिल्या सेमिस्टरपासून आपण एक गोष्ट इतक्या वेळा करतो की ती आपण करतोय हे लक्षातसुद्धा येत नाही. ती म्हणजे चल बदलणे. चल म्हणजे आपलं व्हेरिएबल हो! इंटिग्रेशन जमत नसेल तर 'पुट क्ष इज इक्वल टू अमुकतमुक'. डबल इंटिग्रल आलं की सबस्टिट्यूशन करा, जॅकोबियन काढा आणि पुढे पळा. सर फळ्यावर सबस्टिट्यूशन लिहितात, आपण उतरवून घेतो, गणित सुटतं. पण हे सबस्टिट्यूशन उलटं फिरवता येतं का? आणि जी उलटी फिरवता येतात ती सगळी मिळून कशापासून बनलेली असतात? हा प्रश्न कुठल्याच युनिट टेस्टमध्ये येत नाही. सिलॅबसमध्येही नाही, तेव्हा टेन्शन न घेता वाचा.

या प्रश्नाच्या उत्तरात एक मराठी नाव अगदी मधोमध आहे, श्रीराम शंकर अभ्यंकर. त्यांच्याकडे येऊच, आधी खेळाचे नियम सांगते.

आपल्याकडे दोन चल आहेत, क्ष आणि य. त्यांच्यापासून दोन बहुपदी बनवायच्या, म्हणजे पॉलिनॉमिअल्स. त्यांना प आणि फ म्हणू. बेरीज, वजाबाकी, गुणाकार चालेल. भागाकार, वर्गमूळ, साइन-कॉस अजिबात नाही. मग अट अशी की मी तुम्हाला फक्त प आणि फ दिले, तर तुम्ही त्यांच्यावर पुन्हा तीच साधी बेरीज-वजाबाकी-गुणाकार करून मला मूळ क्ष आणि य परत दिले पाहिजेत. परतीच्या वाटेवरही भागाकार नाही की मूळ काढणं नाही.

या अटीने बरेच जण बाद होतात. समजा प = क्ष^३ आणि फ = य. (घात दाखवायला कॉम्प्युटरवाल्यांची टोपी वापरतेय, म्हणजे क्ष^३ हा क्षचा घन.) आता खऱ्या संख्यांसाठी प वरून क्ष ओळखता येतो, घनमूळ काढलं की झालं. पण घनमूळ ही बहुपदी नाही, म्हणून हा गडी आऊट. याउलट प = क्ष आणि फ = य + क्ष^२ घ्या. इथे क्ष तर तसाच मिळाला, आणि य = फ − प^२. गडी पास! अशा पास झालेल्या अदलाबदलीला बीजगणितवाले बहुपदींच्या रिंगचा ऑटोमॉर्फिझम म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण अर्थ एवढाच की बहुपदींच्या जगात पुढे जाता येतं आणि तसंच मागेही येता येतं.

अशा दोन अदलाबदली एकामागून एक केल्या तर तिसरी मिळते, आणि तीही उलटी फिरतेच. त्यामुळे या सगळ्यांचा मिळून ग्रुप होतो. ग्रुप म्हटलं की पहिला प्रश्न असतो, याच्या मूळ चाली कोणत्या? हॉस्टेलमध्ये रूबिक क्यूब फिरवणारा निदान एक तरी महाभाग प्रत्येक मजल्यावर असतोच, त्याला विचारा. क्यूबच्या अवस्था कोट्यवधींच्या कोट्यवधी, पण चाली फक्त सहा. सहा बाजू फिरवा, बाकी सगळं त्यातून येतं. तसं आपल्या या ग्रुपचं काही आहे का?

साध्या चाली दोन प्रकारच्या दिसतात. पहिली तुम्हाला पाठ आहे, मॅट्रिक्स. प = २क्ष + य + ५ असल्या एक-कोटीच्या बदली. डिटर्मिनंट शून्य नसला की उलटी फिरतेच. दुसरी चाल म्हणजे 'सरकवणं'. एक चल तसाच ठेवायचा आणि दुसऱ्यात पहिल्याची कुठलीही बहुपदी मिळवायची, वर फ = य + क्ष^२ केलं तसं. सबमिशनच्या आदल्या रात्रीचा जर्नल्सचा गठ्ठा डोळ्यांसमोर आणा. गठ्ठ्याला बाजूने धक्का दिला की प्रत्येक जर्नल आपापल्या उंचीप्रमाणे कमी-जास्त सरकतं. गठ्ठा वाकडा झाला, पण एकही जर्नल फाटलं नाही, दोन जर्नल्स एकमेकांत घुसली नाहीत. उलटा धक्का दिला की गठ्ठा पुन्हा सरळ. इतकं ते सोपं आहे.

प्रोग्रॅमिंगच्या लॅबमध्ये तिसरं व्हेरिएबल न वापरता दोन व्हेरिएबल्सची अदलाबदल करा हा प्रश्न व्हायवाला हमखास विचारतात. क्ष मध्ये य मिळवा, मग य च्या जागी क्ष वजा य ठेवा, मग क्ष मधून य वजा करा. तेही हेच आहे, छोट्या छोट्या सरकवण्या एकामागून एक. (तिसरं व्हेरिएबल 'न वापरता' हे शब्द लक्षात ठेवा, शेवटी कामाला येतील.)

आता या चाली एकावर एक रचून बघू. आधी य मध्ये क्ष^२ मिळवला. मग क्ष मध्ये या नव्या य चा घन मिळवला. हाती आलं ते असं:

प = क्ष + (य + क्ष^२)^३
फ = य + क्ष^२

पहिली ओळ कंस सोडवून लिहिली तर सहा कोटीची लांबलचक बहुपदी होते. ती कोणी कंस सोडवून तुमच्या हातात दिली, तर ती कशी बनवली हे ओळखाल का? ओळखता येतं, आणि युक्ती शाळेतलीच आहे. दोघांच्या सगळ्यात वरच्या घातांकडे बघा. प च्या डोक्यावर क्ष^६, फ च्या डोक्यावर क्ष^२. सहाला दोनाने भाग जातो, म्हणून प मधून फ^३ वजा करा. उरतो नुसता क्ष! मग फ मधून क्ष^२ वजा करा, उरतो य. संपलं. इंग्लिश मीडियममध्ये ज्याला एचसीएफ म्हणतात आणि मराठी शाळेत मसावि, तो काढायची युक्लिडची रीत अगदी अशीच चालते. मोठ्यातून लहान वजा करत खाली खाली यायचं. पार्कसाइटच्या टेकडीवरून विक्रोळी स्टेशनकडे उतरावं तसं, दर पावलाला उंची कमीच होत जाते.

प्रश्न एवढाच की हे नेहमीच जमतं का? ही उदाहरणं मीच साध्या चाली रचून बनवली होती. पण कोणी आणून दिलेली, कुठल्याही मार्गाने बनलेली, उलटी फिरणारी बहुपदींची जोडी अशीच उतरत खाली येईल याची खात्री काय?

दोन चलांसाठी खात्री आहे. १९४२ मध्ये जर्मनीच्या हाइनरिख युंग यांनी सिद्ध केलं की अशी प्रत्येक जोडी मॅट्रिक्स आणि सरकवणं या दोनच प्रकारच्या चालींनी बनते. त्यांची सिद्धता आपल्या नेहमीच्या संख्यांसारख्या सहगुणकांसाठी होती. १९५३ मध्ये फान डेर कुल्क यांनी ती कुठल्याही फील्डसाठी पुरी केली, म्हणजे ज्या जगात फक्त ० आणि १ आहेत त्या बायनरी जगासाठीसुद्धा.

हे खरं का असावं याची अर्धी गोष्ट इंजिनिअरिंगच्या गणितातूनच कळते, म्हणून ती सांगायचा मोह आवरत नाही. जॅकोबियन आठवा. पुढे जाणाऱ्या बदलीचा जॅकोबियन गुणिले परत येणाऱ्या बदलीचा जॅकोबियन बरोबर १, हा चेन रूल. इथे दोन्ही जॅकोबियन बहुपदी आहेत. दोन बहुपदींचा गुणाकार १ येतो तो केव्हा? दोन्ही नुसते आकडे असतील तेव्हाच, कारण कोटींची बेरीज होते, ती शून्य झाली पाहिजे. म्हणजे उलट्या फिरणाऱ्या बदलीचा जॅकोबियन स्थिरांक असतो. त्यात क्ष नाही, य नाही.

आता प आणि फ यांचे फक्त सगळ्यात वरच्या कोटीचे भाग उचला आणि त्यांचा जॅकोबियन काढा. त्याची कोटी शून्यापेक्षा मोठी असायला हवी (दोघं एक-कोटीचे असतील तर गोष्ट वेगळी, तिथे मॅट्रिक्सनेच काम झालं). पण पूर्ण जॅकोबियन तर स्थिरांक आहे! म्हणजे वरचा भाग पूर्ण शून्य झाला पाहिजे. जॅकोबियन शून्य म्हणजे ते दोन भाग स्वतंत्र नाहीत, एकमेकांवर अवलंबून आहेत. आणि सगळी पदं एकाच कोटीची असलेल्या बहुपदी अशा अवलंबून असल्या, तर दोघी एकाच कुठल्या तरी बहुपदीचे घात असतात. त्या बहुपदीला ह म्हणू. म्हणजे प च्या डोक्यावर ह^म आणि फ च्या डोक्यावर ह^न, पुढे एखादा आकडा. म ला न ने भाग जात असेल, किंवा उलट, तर वजाबाकी करून एक पायरी उतरता येईल.

आणि भाग जात नसेल तर? म = २ आणि न = ३ असेल तर? तिथे जिना संपला. ह^३ मधून ह^२ चा कुठलाच घात वजा करून ह^३ जात नाही. सगळा प्रश्न या एका ठिकाणी येऊन अडतो. उलटी फिरणारी जोडी असेल तर असा अडसर कधीच येत नाही, हे दाखवणं म्हणजे गोष्टीचा उरलेला अर्धा भाग. तो अवघड आहे. इथेच अभ्यंकर येतात.

अभ्यंकरांचा जन्म २२ जुलै १९३० रोजी उज्जैनचा. वडील ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक. शिकायला मात्र ते आपल्या मुंबईत आले, तेव्हाच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये. विक्रोळीहून स्लो लोकल पकडून सीएसएमटीला उतरलात तर तिथून चालत जाता येईल अशा अंतरावर ती इमारत आहे. १९५१ मध्ये बीएस्सी करून ते हार्वर्डला गेले, ऑस्कर झारिस्की यांच्या हाताखाली १९५५ मध्ये पीएचडी केली आणि १९६३ पासून अमेरिकेतल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीत राहिले. पण महाराष्ट्राशी नातं सुटलं नाही. १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान सुरू केलं. २ नोव्हेंबर २०१२ रोजी ते गेले.

त्यांचं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे त्यांची आवडनिवड. त्यांच्या काळात बीजगणित फार अमूर्त होत चाललं होतं, आणि हे मात्र हायस्कूलच्या बीजगणिताची बाजू घेऊन उभे! १९७६ च्या एका प्रसिद्ध लेखात त्यांनी बीजगणिताचे हायस्कूलचं, कॉलेजचं आणि युनिव्हर्सिटीचं असे थर केले आणि हायस्कूलच्या थराची ताकद दाखवली. समीकरण मांडा, चल बदला, घात मोजा, एकेक पद बघा. या लेखाला १९७८ मध्ये अमेरिकेतलं शॉव्हने पारितोषिक मिळालं. आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांना ही वृत्ती जवळची वाटते. थिअरम वापरून हात झटकण्यापेक्षा प्रत्यक्ष गणित करून बघणारा माणूस आपला वाटतो.

१९७५ मध्ये त्यांचा आणि त्यांचे विद्यार्थी टी. टी. मोह यांचा एक पेपर आला. (हो, आडनाव खरोखर मोह आहे! ते तैवानचे, आपल्या मोहमायेशी संबंध नाही.) त्यात त्यांनी दोन चलांऐवजी एकाच चलाचा प्रश्न घेतला. समजा त नावाचा एकच चल आहे आणि त्याच्या दोन बहुपदी प आणि फ आहेत. त बदलत गेला की (प, फ) हा बिंदू कागदावर फिरतो आणि एक वळणदार रेघ उमटते. अट तीच, प आणि फ वरून बहुपदीनेच त परत मिळाला पाहिजे. अभ्यंकर-मोह प्रमेय सांगतं की मग प आणि फ यांच्यापैकी एकाची कोटी दुसऱ्याच्या कोटीला भागतेच.

यात गंमत काय ते एका उदाहरणाने बघा. प = त^२, फ = त^३. इथे त हा फ भागिले प, पण भागाकाराला बंदी आहे. आणि २ आणि ३ यांच्या बेरजा करून १ कधीच बनत नाही, म्हणून त मिळणं शक्य नाही. पण खाली बारीकसारीक पदं जोडली तर? त^२ अधिक काही, त^३ अधिक काही, असं करून त सापडेल का? प्रमेय म्हणतं, कितीही पदं जोडा, नाही. कोटी चार आणि सहा घ्या, नाही. दहा आणि पंधरा घ्या, तरीही नाही.

एकदा हे मान्य केलं की दोन चलांचा जिना मोकळा होतो. प आणि फ या दोन चलांच्या बहुपदींना एका योग्य निवडलेल्या सरळ रेघेवर बसवायचं, म्हणजे त्या एका चलाच्या होतात आणि कोटी तशाच राहतात. प्रमेयाने भाग जातोच, म्हणून वजाबाकी करता येते, एक पायरी उतरता येते, आणि असं करत करत तळाला क्ष आणि य. युंग यांचं प्रमेय हाती आलं! चित्राच्या भाषेत सांगायचं तर कागदावर टाकलेली अशी कुठलीही वळणदार तार साध्या सरकवण्यांनी ओढून सरळ करता येते. जपानच्या मासाकाझू सुझुकी यांनी हेच १९७४ मध्ये स्वतंत्रपणे, वेगळ्या रीतीने सिद्ध केलं होतं. अभ्यंकरांनी आपल्या पद्धतीवर कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये व्याख्यानं दिली. त्याच्या नोट्स १९७७ मध्ये पुस्तकरूपाने निघाल्या.

आता कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी खास मेजवानी. अभ्यंकर-मोह प्रमेय बायनरी जगात खोटं पडतं! जिथे १ + १ = ० आहे अशा जगात घ्या:

प = त^४
फ = त + त^६

चार सहाला भागत नाही, सहा चारला भागत नाही. तरी त परत मिळतो. फ चा वर्ग करा. मधलं पद दोनदा येतं म्हणून उडून जातं आणि उरतं त^२ + त^१२. प चा घन म्हणजे त^१२. दोघांची बेरीज केली की त^१२ दोनदा आलं, उडालं, उरलं त^२. त्याचा घन करा, त^६ मिळालं. ते फ मध्ये मिळवा, त^६ पुन्हा दोनदा, उडालं. हातात राहिला त! कागद-पेन घेऊन एकदा स्वतः करून बघा, दोन मिनिटं लागतात आणि मेसच्या लाइनमध्ये उभं असतानाही होतं. आणि तरी फान डेर कुल्क यांचं दोन चलांचं प्रमेय बायनरी जगातही खरंच आहे. याचा अर्थ ही अशी तार आहे जी सरळ करता येत नाही, पूर्ण कागद सरकवून तिच्यापर्यंत पोचताच येत नाही.

जॅकोबियनचा विषय निघालाच आहे तर एक सांगून पुढे जाते. उलटी फिरणारी बदल असेल तर जॅकोबियन स्थिरांक, हे आपण बघितलं. मग उलट बाजूने, जॅकोबियन स्थिरांक असेल तर बदल उलटी फिरतेच का? ओट-हाइनरिख केलर यांनी १९३९ मध्ये विचारलेला हा प्रश्न अभ्यंकरांनी आयुष्यभर लोकांपुढे ठेवला. त्याच्या चुकीच्या सिद्धता भल्याभल्यांच्या नावावर जमा आहेत. मोह यांनी १९८३ मध्ये दोन चलांसाठी शंभर कोटीपर्यंत तो तपासून दाखवला.

'याचा प्लेसमेंटला काय उपयोग?' असं विचारणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी मोह यांचीच पुढची गोष्ट. १९९९ मध्ये त्यांनी या साध्या चालींवरच एक गुप्तलेखन पद्धत काढली, टीटीएम नावाची. कल्पना फर्मास आहे. पुष्कळ चल घ्या, सरकवण्या आणि मॅट्रिक्स एकावर एक रचा, कंस सोडवा आणि शेवटी आलेल्या बहुपदी जगाला वाटून टाका. कोणीही त्यात आपला निरोप घालून पाठवू शकेल. उलटं फिरवणं मात्र तुम्हालाच सोपं, कारण कोणत्या चाली कोणत्या क्रमाने केल्या हे फक्त तुम्हाला माहीत. बाहेरच्याला दिसतात नुसत्या सोडवलेल्या अगडबंब बहुपदी. पुष्कळ चल असताना वरची मसावि-छाप उतरण उपयोगी पडत नाही, म्हणून हे सुरक्षित, असा हिशेब होता. पण २००० मध्ये लुई गुबां आणि निकोला कुर्तुआ या दोघांनी ती फोडली. सरकवण्याच्या चालीत पहिला चल तसाच राहतो, दुसऱ्यात थोडंसंच मिसळतं, तिसऱ्यात जरा जास्त... ही उतरंड कितीही घुसळली तरी खूण सोडते. वर्गाच्या बहुपदींना मॅट्रिक्स म्हणून लिहिलं आणि त्यांची योग्य मिश्रणं घेतली, तर काहींची रँक संशयास्पद कमी निघते. तिथून धागा पकडून आतली रचना उसवता येते. रँक काढा म्हटलं की आपण तोंड वाकडं करतो, इथे रँकनेच कुलूप उघडलं.

आता तीन चल घेऊ. क्ष, य आणि झ. इथेही मॅट्रिक्स आहे, सरकवणंही आहे. एका चलात बाकीच्या दोघांची कुठलीही बहुपदी मिळवायची. या चालींनी बनणाऱ्या बदलींना टेम म्हणतात, म्हणजे माणसाळलेल्या. दोन चलांच्या अनुभवावरून कोणालाही वाटेल की इथेही सगळ्या माणसाळलेल्याच असणार. १९७२ मध्ये जपानच्या मासायोशी नागाता यांनी एक बदल पुढे केली आणि म्हणाले, ही बहुधा रानटी आहे.

ती अशी. आधी एक गठ्ठा बांधा: ग = क्षझ + य^२. मग

प = क्ष − २यग − झग^२
फ = य + झग
ब = झ

ही उलटी फिरते का? बघा, नव्या तिघांचा गठ्ठा बांधला, म्हणजे पब + फ^२ काढलं, तर सगळी पदं एकमेकांना खातात आणि पुन्हा जुनाच ग येतो. गठ्ठा बदलतच नाही! म्हणून ग ओळखीचा झाला, मग य = फ − बग, आणि क्ष = प + २फग − बग^२. भागाकार कुठेही नाही. गडी पास.

पण ही साध्या चालींत मोडून दाखवा बरं. डोक्यांकडे बघा. प च्या डोक्यावर झग^२, फ च्या डोक्यावर झग, आणि ब म्हणजे झ. प चं डोकं उडवायला झग चा वर्ग करून झ ने भागावं लागतं. भागाकाराला बंदी! नागातांनी ती बनवली तीही तशीच. क्ष मध्ये य^२ भागिले झ मिळवा. मग या नव्या क्ष ला झ^२ ने गुणून ते य मध्ये मिळवा. मग क्ष मधून नव्या य चा वर्ग भागिले झ वजा करा. तीनच सरकवण्या. पहिल्या आणि तिसऱ्या पावलात भागाकाराची चोरी आहे, पण शेवटी छेद स्वच्छ उडून जातो आणि मागे पुरावा राहत नाही. मला तरी हे फार देखणं वाटतं.

डोकं उडवता येत नाही म्हणजे रानटी असं सिद्ध झालं का? नाही. तीन चलांत माणसाळलेल्या बदलींनाही कधी कधी थेट उतार मिळत नाही, खाली यायच्या आधी वर चढावं लागतं. टेकडीवरून समोरच्या रस्त्यावर यायला आधी मागची चढण चढावी, तसं. त्यामुळे 'कुठल्याच आडवाटेने जमत नाही' हे दाखवायला हवं होतं, आणि आडवाटा अगणित. त्याला तीस वर्षांच्या वर गेली. इवान शेस्ताकोव्ह आणि उआलबाई उमिरबाएव या दोघांनी ते सिद्ध केलं, पूर्ण पेपर २००४ मध्ये छापून आला. कोटी किती खाली येऊ शकते याचा अंदाज त्यांनी मेकॅनिक्समधून आलेल्या पॉइसन ब्रॅकेटच्या मदतीने बांधला, आणि अडलेल्या बदली खाली आणण्याच्या ज्या मोजक्या आडवाटा आहेत त्यांची यादीच केली. नागाताची बदल त्यातल्या एकाही वाटेने उतरत नाही. म्हणून ती रानटी, सहगुणक आपल्या नेहमीच्या संख्या असतील तर नक्कीच. २००७ मध्ये त्यांना या पेपरसाठी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचं मूर पारितोषिक मिळालं.

आता व्हायवाचा तो प्रश्न आठवा, 'तिसरं व्हेरिएबल न वापरता'. इथे आपण उलटं करू, एक व्हेरिएबल जास्त वापरू. मार्था स्मिथ यांनी १९८९ मध्ये दाखवलं की नागाताच्या बदलीला एक रिकामा चौथा चल दिला तर ती निमूट माणसाळते. चौथ्या चलाला र म्हणू, रजिस्टरमधला र.

नागाताच्या सूत्रात ग च्या जागी र लिहा. क्ष चं होतं क्ष − २यर − झर^२, आणि य चं य + झर. या बदलीला 'र-इतका ढकल' म्हणू. हिच्यात काहीच रानटी नाही, आधी क्ष सरकवला, मग य सरकवला, दोन पावलांत काम झालं. आणि नागातासारखीच हीसुद्धा ग ला हात लावत नाही. आता करायचं असं. आधी क्ष, य ला 'र-इतका' उलटा ढकल द्या, ग जसाच्या तसा. मग र मध्ये ग मिळवा. हेही साधं सरकवणं, कारण ग मध्ये र नाही. मग क्ष, य ला 'र-इतका' सुलटा ढकल द्या. पण आता र मध्ये र + ग आहे! मागे र-इतके गेलो, पुढे र + ग इतके आलो, म्हणजे एकूण पुढे गेलो फक्त ग-इतके. नागाताची बदल झाली. शेवटी र मधून ग वजा करा. ग तर हललाच नव्हता, त्यामुळे र पहिल्यासारखा कोरा.